फणसात अडकलेली दोन मशिनं

थळ, ता. अलिबाग
वैशाख वद्य, तिथी अंदाजे (कॅलेंडर मशीनखाली अंथरलं आहे)

ती. दादास,

मधुवंतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि. (साष्टांग हा शब्द मानाचा म्हणून घे. आठ अंगांत गुडघे येतात, आणि ते हल्ली जमिनीपर्यंत यायला तयार नसतात. बाकीची अंगं तुझ्या पायाशी आहेत.) तुझं ब्लडप्रेशर गोळीच्या आज्ञेत असेल, निवेदितावहिनींचा खांदा मागे वळायला लागला असेल आणि मुलुंडात पाणी दोन्ही वेळ येत असेल, असं धरून चालते. वहिनींना सांग की त्यांनी पाठवलेली काकवी संपली. फार उपयोगी पडली, पण त्यांना वाटतं त्या कामाला नाही.

पाकिटाची जाडी बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली पोस्टाने पत्र आलं की माणसाच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेमधे सल्ला देतोस, आणि या प्रकरणाला तुझ्या सल्ल्यानेच तोंड लागलेलं असल्यामुळे एकदा मला सलग बोलू दे. व्हॉट्सअपवर लिहायची सोय नाही, कारण आम्हा नवराबायकोत फोन एकच आणि बापू माझ्या आधी सगळं वाचतात.

तर, आमचा कापा फणस पडला. वाडीच्या दक्षिणेला, कुंपणाच्या दगडी गडग्याला लागून होता तो. दर उन्हाळ्यात ज्याचे फणस तू गाडीच्या डिकीत घालून न्यायचास आणि सोसायटीतल्या लोकांना वासाने हैराण करायचास, तोच. अवकाळी वारा सुटला, नारळ सगळे वाकून उभे राहिले, पोफळी तर नाचल्याच, आणि हा इतका थोरला बाप्या मुळांसकट उखडून आडवा झाला. बरं, पडायचं तर आपल्या हद्दीत पडावं. मुळं आमच्या वाडीत, पोट गडग्यावर, आणि डोकं पार पलीकडे चांगदेवच्या अंगणात, असा एखादा सरकारी पूल बांधावा तसा तो पडला.

चांगदेव तुला आठवेल. त्याचे ट्रक आहेत, न्हाव्याशेव्याच्या बंदरातला माल वाहतो. माणूस मोठा, मिशा मोठ्या, मनही मोठं, फक्त आमच्या बाबतीत ते जरा आखडलेलं. त्याचं असं की काही वर्षांपूर्वी त्याच्या अल्पेशच्या हळदीला जो डीजे लागला, त्याने आमच्या फडताळातल्या बरण्या फळीच्या कडेपर्यंत चालत आल्या. बापूंनी बरण्या तीनदा मागे ढकलल्या आणि मग पोलिसांना फोन केला. पोलीस आले, डीजे बंद झाला, हळद अर्ध्यात आटोपली. आगरी घरातली हळद अर्ध्यात आटोपणं म्हणजे काय, ते तुला मुंबईत बसून कळायचं नाही. लग्नाला चार माणसं कमी आली तरी चालतं, पण हळद गाजली पाहिजे. त्या दिवसापासून गडग्यावरून होणारी खोबऱ्या-आमटीची देवाणघेवाण थांबली. त्याची मुलगी प्राप्ती माझ्या वर्गात होती (बीजगणिताशी तिचं कधी जमलं नाही, पण माझ्याशी जमलं), म्हणून ती आणि तिची आजी सखुबाई माझ्याशी बोलत. पण बापू अंगणात दिसले की दोघी आत जात.

आणि आता त्याच प्राप्तीची हळद तोंडावर आलेली असताना आमचा फणस नेमका मांडवाच्या जागेवर जाऊन झोपला. वारा देवाचा असला तरी झाड बापूंचं होतं. गावात कोणी उघड बोललं नाही, पण पिठाच्या गिरणीत माझ्याकडे बघून दोन बायका गप्प झाल्या, त्यावरून काय ते समजले. सखुबाई दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी आल्या आणि फांद्यांतून तोंड काढून म्हणाल्या, "बाय, मानूस मानसावर राग धरतं ते कलतं. झाड पन धरतंय का?" मी म्हटलं, उचलतो आम्ही लगेच. तर म्हणाल्या, "चांगदेव बोलतंय, झाड त्यांचं हाय, त्यांनीच उचलायचं. तो हात लावाचा न्हाय." म्हणजे पलीकडे ट्रक, माणसं, दोरखंड सगळं उभं होतं, आणि तरी झाड आम्हा दोघांनाच उचलायचं होतं. बापूंचं वय तुला माहीत आहे, माझं मी सांगत नाही.

जेसीबीचा विचार केला, पण तो आणायचा तर आधी पोफळींची अख्खी रांग पाडावी लागली असती. मग सदाला सांगितलं. इकडच्या चारपाच गावांत लाकूड कापायचं मशीन त्याच्याकडे. (त्याला इथे कटर म्हणतात, आणि सदालाही कटरच म्हणतात.) सदा फार गोड माणूस. कधी नाही म्हणत नाही, फक्त येत नाही. मांडव्याकडे मुंबईकरांचे बंगले झाल्यापासून त्याला आमच्यासारख्यांच्या झाडांकडे बघायला वेळ नाही. तिकडे लोकांना समुद्र दिसावा म्हणून तो फांद्या छाटतो, म्हणजे एका परीने समुद्र विकतो. रोज सकाळी मी फोन करायची, रोज सकाळी तो "निघालोच बाई" म्हणायचा, आणि पाठीमागे बंगल्यातलं कुत्रं भुंकताना ऐकू यायचं. शेवटी मी बापूंना म्हटलं की आपणच मशीन घेऊ. नाहीतरी वाडीत झावळ्या, वठलेले आंबे, आडवी आलेली उंडी, कायम काहीतरी कापायचंच असतं. बापूंनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेपर परत वर केला. याला आमच्याकडे संमती म्हणतात.

इथे तू येतोस. मी तुला फोन केला आणि तू कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगितलंस की घरगुती कामाला इलेक्ट्रिक मशीन उत्तम. धूर नाही, पेट्रोल नाही, हलकं, बायकांनाही झेपतं. ("बायकांनाही" हा शब्द मी तेव्हा ऐकून सोडला, आता लिहून ठेवते.) तुझं म्हणणं खोटं नव्हतं. ज्याच्या झाडाजवळ प्लग आहे त्याच्यासाठी ते उत्तमच. आमचा प्लग मागच्या पडवीत आणि फणस दक्षिणेच्या टोकाला. घरातल्या सगळ्या वायरी एकमेकींना जोडून मी फणसापर्यंत पोचले, तर तिथे जाईपर्यंत वीजच दमलेली. मशीन सुरू झालं की घरातला पंखा थांबे, पंखा थांबला की बापू बाहेर येत, आणि लाकडावर म्हणशील तर खारीने दात लावल्याएवढी खूण. तरी मी हट्टाने एक फांदी धरली, जोर लावला, ती सटकन तुटली म्हणून मला आनंद झाला. फांदी नव्हती, वायर होती. फाटकन आवाज आला, मशीन गप्प झालं, फ्यूज उडाला आणि शेजारच्या पेरूवरचे कावळे उठले. मी धडधाकट आहे, काळजी नसावी. बापूंनी दोन्ही टोकं हातात घेऊन नीट तपासली आणि म्हणाले की, हे मात्र छान कापलंय.

मग आम्ही अलिबागेत पेट्रोलवालं बघायला गेलो. दुकान अमिषा नावाची मुलगी चालवते. सासरा मोटारपंप विकायचा, हिने कटर, ग्रासकटर, फवारणी सगळं वाढवलंय. ती आधी बापूंशीच बोलायला लागली. मी म्हटलं, चालवणार मी आहे. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कुठलंही हसू न आणता म्हणाली, "तो आंटी, आधी उचलून बघा. आवडलं ते नाय घ्यायचं, झेपेल ते घ्यायचं." दादा, साडी घेतानाही मला कोणी इतकं खरं सांगितलेलं नाही. बापूंचा कल सर्वांत लांब पात्याकडे होता. (पुरुषांना भोपळा, फ्रीज आणि मशीन मोठंच लागतं, असा माझा अनुभव.) ते पातं, ज्याच्या कडेने चेन फिरते, जितकं लांब तितकं मशीन जड आणि तितकं ते हातातून उसळायची भीती. मी एकेक मशीन दोन्ही हातांत धरून दहावीचे पेपर स्टाफरूमपासून वरच्या मजल्यावर न्यायचे आहेत अशी कल्पना करत उभी राहिले. ज्याच्यासकट मी मनातल्या मनात जिना चढले, ते मधल्या मापाचं घेतलं. बरोबर जाळीचा मुखवटा असलेलं हेल्मेट, हातमोजे, बूट आणि मांड्यांवर बांधायचं जाडजूड पांघरूण. हे सगळं चढवून मी अंगणात आले तेव्हा भाजीवाली सत्यवती पाटी घेऊन तशीच मागे फिरली आणि रस्त्यावर जाऊन विचारत होती, की बाईंच्या घरात कोण आलंय.

पहिले काही दिवस शिकण्यात गेले. दोरी ओढून सुरू करायचं असतं. बापूंनी ओढली, मशीन जाग्यावर राहिलं आणि त्यांची पाठ सुरू झाली. मी ओढली, तर झालं एकदम. (यात कौशल्य काही नाही. त्यांनी आधी ओढून ओढून त्याला वैताग आणला होता.) काय तो आवाज दादा, जणू पोटात वाघ आणि घशात मच्छर. मी फांदीवर टेकवलं. खूप धूर, खूप गर्जना, आणि फांदी जशीच्या तशी. पुन्हा टेकवलं. फांदी फक्त गुळगुळीत होत गेली, एखाद्या बाळाला मालिश करावं तशी. अमिषाला फोन लावून मशीन दाखवलं तेव्हा ती म्हणाली की आंटी, चेन उलटी बसवलीय, दात मागे बघतायत. चेन बापूंनी बसवली होती. माहितीपुस्तिका वाचून बसवली होती, मात्र पुस्तिका टेबलाच्या पलीकडून वाचली होती.

त्यानंतर तेलाचं झालं. या मशीनला दोन प्रकारचं तेल लागतं. एक पेट्रोलात मिसळायचं, आणि दुसरं दाट, चेनला पाजायचं. चेन कोरडी फिरली तर तापते आणि पातं खाते. तेलखातं बापूंनी आपणहून घेतलं, बँकेतली सवय. वहिनींनी काकवी ज्या बाटलीत पाठवली होती ती आणि चेनच्या तेलाची बाटली, रंगाने आणि दाटपणाने जुळ्या बहिणी. मी दोन फांद्या कापल्या आणि साऱ्या आळीत चिक्कीचा घमघमाट सुटला. सखुबाई गडग्यावरून विचारायला लागल्या, की बाय, लाडू वलतेस का? मला वाटलं, पिकल्या फणसाचाच वास असेल. दुसऱ्या दिवशी पडवीत बघते तर मशीनला मुंग्यांनी वेढा दिलेला. काळ्या, तांबड्या, दोन्ही. बापू गंभीरपणे म्हणाले की पेट्रोलला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे भेसळ आहे. सगळं खोलून, गरम पाण्याने आणि मग पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून मशीन परत जोडलं. या वेळी पुस्तिका सरळ धरली होती. एकूण वहिनींची काकवी अशी खर्ची पडली.

पण मग मात्र कापायला लागलं. दादा, खरं सांगते, इतकी वर्षं फळ्यावर समीकरणं सोडवली, पण एवढी थोरली फांदी आपल्या हाताखाली लोण्यासारखी सुटून पडते तेव्हा जे वाटतं, ते समीकरण सुटल्यावर कधी वाटलं नाही. फणसाचं लाकूड आतून पिवळंधमक. भुसा उडतो तो हळदीसारखा. लहान फांद्या संपल्या, मधल्या संपल्या, चांगदेवचं अर्धं अंगण मोकळं झालं. चांगदेव ओट्यावर बसून बघायचा, बोलायचा नाही. पण एकदा मी घाम पुसत होते तर प्राप्ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, आप्पांनी दिलंय. मीच दिलंय असं सांगायला सांगितलंय." मुलीचं बीजगणित अजून कच्चंच आहे.

राहिला होता मुख्य खोडाचा तुकडा, गडग्यापासून शेंड्यापर्यंतचा. तुला मी फोन केला होता, आठवतं का? तू म्हणालास की वरून खाली कापत ये, गुरुत्वाकर्षण मदत करेल. गुरुत्वाकर्षणाने मदत केली, पण झाडाला. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड मधे वाकलेलं असतं, वरून कापत गेलं की ती फट दाराच्या फटीसारखी मिटते, हे तू आणि मी दोघंही शाळेत शिकलेलो होतो. पातं निम्म्याहून आत गेलं, आणि खोडाने तोंड मिटलं. मशीन बंद पडलं. ओढून निघेना, हलवून निघेना. मांडववाल्याचे बांबू रस्त्यावर येऊन पडलेले, आणि मधोमध आमचं मशीन फणसात रुतून बसलेलं, शंकराच्या पिंडीत बाण रुतावा तसं. लोक बघायला यायला लागले. थळच्या बाजारातून येणाऱ्या मासेवाल्या वाट वाकडी करून यायच्या. दव पडून खराब होऊ नये म्हणून सखुबाईंनी त्यावर प्लास्टिकची पिशवी घातली, वर गाठ मारली आणि म्हणाल्या, आता पूजाच बाकी हाय.

आणि गंमत बघ, ही बातमी कळल्यावर सदा आला. इतके दिवस झाड कापायला न येणारा माणूस, दुसऱ्याचं मशीन अडकलंय म्हटल्यावर बंगलेवाल्यांना टाकून आला. मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली, च्यक्‌च्यक् केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, हे डोक्याचं काम असतं." मग आपलं लांब पात्याचं मशीन काढलं आणि माझ्या मशीनपासून चार हातांवर वरून खाली कापायला लागला. मी सांगायला गेले, पण त्याने हाताने थांबवलं. निम्म्याहून आत गेलं, आणि खोडाने पुन्हा तोंड मिटलं. नंतर जी शांतता पसरली तशी मी फक्त गणिताचा निकाल लागल्यावर वर्गात पाहिली आहे. दोन मशिनं शेजारी शेजारी, एकाच फणसात. सदा बराच वेळ आपल्या मशीनच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला, जणू काही ते त्याने तिथे ठेवायलाच आणलं होतं.

हळद आता दुसऱ्या दिवशीवर आली होती. मांडववाला विचारायला लागला की खांब रोवू की जाऊ. प्राप्ती दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि पहिल्यांदा मला मशीन, फणस, वारा, सगळ्याचा मनापासून कंटाळा आला. वाटलं, एवढी चाळीस पोरांची हजेरी घेणारी बाई मी, आणि एका मुलीचं अंगण मला मोकळं करून देता येत नाही.

तेव्हा बापू उठले. चपला घातल्या, सदरा झटकला आणि गडगा जिथे खचलाय तिथून पाय टाकून पलीकडे गेले. अल्पेशच्या हळदीनंतर त्या अंगणात त्यांचा पाय पडला नव्हता. चांगदेव ओट्यावरच होता.

बापू म्हणाले, "तुमच्या ट्रकचा जॅक पाहिजे."

"कशाला?"

"झाड उचलायला."

"झाड तुमचं हाय."

"हो. अंगण तुमचं आहे," बापू म्हणाले. "आणि मुलगी दोघांची आहे. मधुवंतीने शिकवलीय तिला."

चांगदेवने मिशीवरून हात फिरवला. मग तो उठला आणि म्हणाला, "एका जॅकने काय व्हतंय? दोन आनतो."

पुढचं लिहायला वेळ लागतोय तेवढा घडायला लागला नाही. खोडाच्या वाकलेल्या पोटाखाली फळ्या, फळ्यांवर जॅक, दोन्ही बाजूंनी चांगदेव आणि अल्पेश दांडे मारतायत, आणि खोड कण्हत कण्हत वर उचललं जातंय. फट उघडली. दोन्ही मशिनं अलगद निघाली. सदाने आपलं मशीन पोटाशी धरलं आणि मला पहिल्यांदा "मॅडम" म्हणाला. मग मी खालच्या बाजूने कापत वर आले (अमिषाला विचारून, तुला न विचारता, क्षमस्व) आणि खोड दोन जागी सुटलं. टोकांचे तुकडे दोरखंडाने ओढून काढले, पण मधला ओंडका कोणाला हलेना. तो अंगणातच राहिला. प्राप्तीनेच तोडगा काढला. त्यावर गोधडी, गोधडीवर शालू, आणि नवरी हळदीला त्या फणसावर बसली. मी ते बघायला गेले तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत पिवळा भुसा घेऊनच गेले होते, आंघोळीला वेळच झाला नव्हता. नवऱ्याकडच्या बायकांना वाटलं, इथली हळद आधीच लागून गेली, आणि पहिली मलाच लागली. त्यांनी मला नवरीची आत्या समजून ओवाळलं. मी काही दुरुस्ती केली नाही. बापूंना मानाची खुर्ची होती. चांगदेवने त्यांचा मान म्हणून डीजेचे कर्णे आमच्या घराकडून वळवून पार वरच्या आळीकडे केले होते. वरच्या आळीतले लोक आता चांगदेवशी बोलत नाहीत.

तेव्हापासून या घरात मशीनची जी सेवा चालते, ती बघून तुला हेवा वाटेल. फणसाचा चीक चेनला धरतो, तो खोबरेल लावून काढायचा. हवेच्या जाळीतला भुसा जुन्या दाताच्या ब्रशने झाडायचा. (ब्रश जुना नव्हता, हे बापूंना रात्री दात घासताना कळलं.) प्रत्येक दाताला गोल कानसीने धार करायची, डाव्या बाजूला जितकी तितकीच उजव्या, नाहीतर मशीन एकीकडे ओढतं. चेन फार सैल नको, फार ताठ नको, बोटाने उचलली तर जरा उचलली जावी आणि आपल्या जागी परत यावी. पावसाळ्यात ठेवून देताना पेट्रोल काढून टाकायचं. बापू दुपारची झोप सोडून कानस घेऊन बसतात. बँकेत सह्या पडताळायचे तसे एकेक दात डोळ्यासमोर धरून बघतात. आवाजाच्या कटकटीने पोलीस बोलावणारा माणूस आता मशीन सुरू झालं की खुर्ची घेऊन जवळ बसतो. मशीन मागायला सगळा गाव येतो. मी कोणाला देत नाही. वाटल्यास मी येते म्हणते.

तर असं सगळं क्षेम आहे. फणस गेल्याची रुखरुख आहे, पण दक्षिणेकडून आता वारा येतो. वहिनींना नमस्कार, तुझ्या नातवंडांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर पत्रानेच दे आणि पाकिटावर माझं नाव घाल.

तुझी,
मधुवंती

ता. क. ते इलेक्ट्रिक मशीन तुला पाठवते आहे. चांगदेवचा ट्रक भिवंडीला जाताना मुलुंडवरून जाणार आहे, तो सोसायटीच्या फाटकाशी उतरवून देईल. वॉचमनला सांगून ठेव. "आम्हाला काय करायचंय" असं म्हणू नकोस, काय करायचं ते खाली लिहिते.

ता. क. २. दादा, एक गोष्ट वर लिहिली नाही. हळदीच्या सकाळी, फणस पडताना तुटून नारळात वर अडकून राहिलेली शेवटची एक फांदी दोरीने उतरवायची होती. बापू दोरी धरून उभे होते. फांदी त्यांच्या बाजूला कलायला लागली म्हणून मी ओरडले, मागे व्हा. पुन्हा ओरडले. सगळ्या अंगणाने मान वळवली, ते एकटे तसेच फांदीच्या पानांकडे बघत उभे. चांगदेवने झेप घालून त्यांना खांद्याला धरून ओढलं आणि फांदी ते उभे होते तिथे येऊन पडली. बापू त्यालाच विचारत होते की ओढता कशाला. मशीन तेव्हा बंद होतं, दादा. पक्षी बोलत होते तेवढाच आवाज.

त्यानंतर मी पारखून पाहिलं. पाठीमागून हाक मारली, भांडं पाडलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले की हल्ली लोक नीट बोलत नाहीत, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, मीसुद्धा. जास्त ताणलं तर दोन दिवस अबोला. माझं ऐकणार नाहीत, पण तू बोलावलंस तर येतील. तेव्हा तू त्यांना व्हॉट्सअपवर असं लिही, की इलेक्ट्रिक मशीन मिळालं, पण त्याच्या चेनला धार कशी करायची ते मला जमत नाही, बापू, तुम्हीच येऊन शिकवा. तू कारखान्यात काय काय केलंस ते मला माहीत आहे. तरी लिही. ते मांडव्याहून पहिल्या बोटीने निघतील, कानस घेऊन. मग दोन दिवसांनी वहिनींच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे तुझे कान दाखवायला त्यांना सोबत म्हणून ने, आणि तिथे बसल्या बसल्या त्यांचेही बघून घ्या. तुझे कान ठणठणीत आहेत. पण पुढल्या वेळी जवळ चांगदेव असेलच असं नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बापू आले आणि एवढा वेळ काय चाललंय म्हणून विचारलं. मी मोठ्याने, स्वच्छ सांगितलं, "दादाला पत्र." ते म्हणाले, "पत्रा आत्ता नको बदलायला, पाऊस संपल्यावर बघू." आणि वर छताकडे बघून आत गेले.